हातातलं पुस्तक, रांगेतलं पुस्तक

सध्या काय वाचताय, हे सांगणं सोपं असतं. पुस्तक समोरच पालथं पडलेलं असतं, नाव घेतलं की झालं. त्यानंतर काय वाचणार, असं विचारलं की बहुतेक लोक मोबाइल काढतात आणि लांबलचक यादी दाखवतात. पेपरातल्या परीक्षणातून उचललेली नावं, पुरस्कार मिळालेली, मैत्रिणीनं सांगितलेली, कुठल्यातरी व्याख्यानात ऐकलेली. यादी चांगलीच असते. पण तिच्यातल्या पुस्तकांची एकमेकांशी ओळख नसते, आणि हातातल्या पुस्तकाशी तर नसतेच नसते. त्यामुळं एक संपलं की दुसरं उचललं जात नाही. यादी मात्र वाढत राहते.

माझं म्हणणं एवढंच, की पुढचं पुस्तक हातातल्या पुस्तकातून काढावं. ते कसं काढायचं हे पुढं सांगते. आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे तुम्हाला यातलं काय लागू पडतं ते तुमचं तुम्ही बघाल. वाईत माझं औषधांचं दुकान आहे. घरी सासूबाई आहेत, मुलगी पुण्यात शिकते, नवऱ्याची नोकरी साताऱ्यात. दोन तास सलग मोकळे मिळणं हा प्रकार माझ्याकडं नाही. ज्यांना भरपूर सवड आहे त्यांना असल्या सूचनांची गरजच नाही. त्यांनी खुशाल वाचत बसावं.

आधी जागा ठरवा, मग पुस्तक

पुस्तक निवडण्याआधी ते कुठं आणि केव्हा वाचणार हे बघा. माझ्या दिवसात वाचायच्या तीन जागा आहेत आणि तिन्ही जागी वेगळं पुस्तक असतं.

पहिली जागा दुकानातला काउंटर. इथं वाक्य अर्ध्यावर तुटतं. कुणीतरी काका डॉक्टरांची चिठ्ठी पुढं करतात. औषधं काढायची, शुगरची गोळी जेवणाआधी की नंतर ते पाकिटावर पेनानं लिहून द्यायचं, "मागच्या वेळेस लाल रंगाची होती" या शंकेचं निरसन करायचं, बिल करायचं, आणि मग पुस्तकाकडं वळायचं. इथं कादंबरी टिकत नाही. कोण कुणाशी बोलत होतं तेच विसरायला होतं. कविता टिकते. बहिणाबाईंची गाणी टिकतात. मर्ढेकर तर फारच छान टिकतात. त्यांचं मूळ गाव मर्ढे आमच्याच सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळं त्यांच्यावर आमचा थोडा जास्त हक्क आहे अशी आमची समजूत आहे. त्यांची एखादी कविता वाचायला दोन मिनिटं लागतात आणि उलगडायला सगळी दुपार. मध्ये गिऱ्हाईक आलं तरी काही बिघडत नाही.

काउंटरसाठी आणखी एक पुस्तक सुचवते, ते म्हणजे दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. १९५६ साली आलेलं. यात आपल्या मराठी महिन्यांवरचे लेख आहेत. हे पुस्तक एका दमात वाचू नका. चैत्र लागला की चैत्राचा लेख काढायचा, तो महिनाभर पुरवायचा, आणि मेणवलीकडं जाता-येता झाडं बघताना त्यातलं काय काय दिसतं ते ताडून बघायचं. म्हणजे एका पुस्तकाचं वर्षभराचं वाचन आपोआप ठरून जातं. चालू वाचनात असं एक वर्षभर रेंगाळणारं पुस्तक जरूर असू द्या. ते कधी संपवायचं ही चिंताच नसते.

दुसरी जागा रात्रीच्या जेवणानंतरची. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक छपाई त्यांना आता झेपत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचते. मोठ्यानं वाचायचं पुस्तक निवडताना एक साधी परीक्षा घ्या. कुठलंही मधलं पान उघडून एक परिच्छेद ओठ हलवत वाचा. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागला तर ते पुस्तक डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नाही. पु. लं.चे लेख कानांसाठी आहेत, व्यंकटेश माडगूळकरांच्या कथा कानांसाठी आहेत. ज्या पुस्तकात तळटीपा फार, ते या जागेला मुळीच घेऊ नका. तळटीप वाचून दाखवावी तर गोष्ट तुटते, न वाचावी तर सासूबाईंना कळतं. कसं ते मला अजून उमगलेलं नाही, पण "मध्ये काहीतरी गाळलंस" असं त्या हटकून म्हणतात.

तिसरी जागा पहाटेची, पिण्याचं पाणी यायच्या आधीची. ही एकट्याची जागा, आणि अवघड पुस्तक हिच्यासाठी राखून ठेवायचं. माझी ही वेळ अर्ध्या-पाऊण तासाची असते. रोज अर्धा तास कमी वाटतो, पण जाडजूड पुस्तकं याच अर्ध्या तासात निघतात. ती रविवारी निघत नाहीत. रविवारी पाहुणे येतात.

तुमच्या जागा वेगळ्या असतील. पुण्याला जाणारी एसटी असेल, मुलाच्या क्लासबाहेरचं थांबणं असेल, लोकलमधला उभ्याचा प्रवास असेल. उभ्यानं वाचणाऱ्यांनी एका हातात मावणारं पुस्तक घ्यावं, यापलीकडं त्यांना मी काय सांगणार? पण जागा मोजून तेवढीच पुस्तकं उघडी ठेवायची, हा नियम सगळ्यांना सारखा. मला तीन जागा आहेत, म्हणून तीन पुस्तकं. चौथं उघडलं की आधीच्या तिनातलं एक मरतं.

हंगामही बघा. मांढरदेवच्या यात्रेत किंवा बावधनच्या बगाडाच्या दिवशी दुकानात वाचायचं नाव काढता येत नाही. पावसाळ्यात ताप-खोकल्याची साथ आली की मी रात्री इतकी दमलेली असते, की पहाटेची जागाच बुडते. म्हणून जाड पुस्तक मी जुलैत सुरू करत नाही. शाळामास्तरांना हेच मार्चमध्ये लागू पडेल, सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्यांना सप्टेंबरमध्ये.

वही

वही साधी, रेघांची. उघडल्यावर डावं पान 'चालू', उजवं पान 'पुढचं'. डाव्या पानावर तीन नावं, उजव्यावर जास्तीत जास्त पाच. सहावं नाव लिहायचं असेल तर पाचातलं एक खोडायचं. हे खोडणं फार उपयोगी आहे. कुठलं नाव खोडताना हात अडखळतो, त्यावरून आपल्याला खरंच काय वाचायचंय ते कळतं.

प्रत्येक पुढच्या नावासमोर ते कुठून आलं ते लिहायचं: कुठल्या पुस्तकाच्या कितव्या पानावरून, किंवा ते वाचताना पडलेल्या कुठल्या प्रश्नातून. एवढं लिहिता आलं नाही तर नाव लिहायचं नाही. "पुरस्कार मिळाला" हे कारण माझ्या वहीत चालत नाही. पुरस्कारांवर माझा राग नाही, पण ते परीक्षकांचं कारण झालं, माझं नव्हे. नंदा खरे यांच्या 'उद्या' या कादंबरीला २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला, तेव्हा पुरस्कार नाकारला म्हणून ती वाचणारे लोकही मी बघितले. चांगलीच कादंबरी आहे, कशानं का होईना, वाचली हे बरं झालं. पण त्यानंतर पुढं काय वाचायचं हा प्रश्न त्यांच्यापुढं तसाच उभा राहिला, कारण पुरस्काराच्या बातमीतून पुढचा धागा निघत नाही.

वाचताना फार टिपणं काढू नका. कादंबरीची परीक्षा द्यायची नाही. पुस्तकात एक कागदाची चिटोरी ठेवायची, अडलं किंवा आवडलं त्या पानाचा नुसता आकडा तिच्यावर टाकायचा. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलही लावायची नाही. पुस्तक संपलं की ती पानं एकदा चाळायची आणि त्यावरून एक प्रश्न लिहायचा. मत लिहायचं नाही, प्रश्न लिहायचा. "छान आहे" यातून पुढचं पुस्तक निघत नाही. "ह्या माणसाच्या घरी मागं काय चाललं होतं?" यातून निघतं.

धागा कसा धरायचा

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण सगळी खुबी यातच आहे.

गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' तुम्ही वाचलं नसेल तर तिथूनच सुरुवात करा. वरसई हे कोकणातलं, पेणजवळचं गाव. तिथले विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये काकांना घेऊन उत्तरेत निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढाच हेतू. वाटेत बंड पेटलं, आणि हा भिक्षुक माणूस झाशीच्या वेढ्यात सापडला. राणीचा दिनक्रम, किल्ल्यावरचे तोफगोळे, शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट, सगळं यानं डोळ्यांनी पाहिलं. मिळवलेले पैसे लुटले गेले. शेवटी घरी काय आणलं, तर आईवडिलांसाठी गंगेची कावड.

हे पुस्तक घेताना आवृत्ती बघून घ्या. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते पहिल्यांदा छापलं, तेव्हा त्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला होता. १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली. मूळ मजकुरावरची आवृत्ती घ्या. भाषा सुरुवातीला अडखळते, पण ते भटजींचं स्वतःचं बोलणं आहे. पहाटेच्या जागेला हे पुस्तक उत्तम.

आता चिटोरीवरची पानं चाळली तर माझ्यापुढं तीन प्रश्न उभे राहिले. भटजी उत्तरेत अडकले तेव्हा अशा घरातल्या बायकांचं काय चाललं असेल? त्या काळात एखादी बाई दूर गेली असती तर तिनं काय पाहिलं असतं, कसं लिहिलं असतं? आणि असा भटका, धांदरट, पण सगळीकडं नजर असलेला माणूस कुणी कल्पनेतून रंगवलाय का?

पहिल्या प्रश्नानं लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडं नेलं. १९३४ ते १९३६ मध्ये भागाभागानं आलेलं पुस्तक, खरं तर सगळ्यांना माहीत असलेलं. पण गोडसे भटजींच्या पाठोपाठ ते उघडलं की सुरुवातीलाच थबकायला होतं. लक्ष्मीबाई गोष्ट सुरू करतात ती सत्तावनच्या बंडात फासावर गेलेल्या आजोबांपासून, आणि त्यानंतर वडिलांना लागलेल्या सोवळ्याच्या वेडापासून. भटजी झाशीत जे बघत होते त्याची झळ नाशिककडच्या एका घरात कशी पोचली, ते इथं कळतं. एरवी हे पान आपण गमतीदार म्हणून वाचून पुढं गेलो असतो. पुस्तकांची रांग लावायची ती अशासाठी.

'स्मृतिचित्रे' मी रात्रीच्या जागेला लावलं. हे पुस्तक कानांसाठीच आहे; लक्ष्मीबाई लिहीत नाहीत, बोलतात. सासूबाईंनी ते फार पूर्वी शाळेच्या पुस्तकातल्या धड्यापुरतं वाचलेलं. लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी ना. वा. टिळक, न सांगता घरातून निघून जातात तिथं सासूबाई दर वेळी, "आणि ही बसली वाट बघत," असं म्हणून पदर सावरायच्या. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले ते प्रकरण मी एका रात्रीत संपवलं नाही. अर्ध्यावर थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मला विचारणा झाली, की मग पुढं बाई माहेरी गेली का कुठं गेली. मोठ्यानं वाचणाऱ्यांनी प्रकरण संपवून थांबू नये, प्रसंगाच्या मध्यावर थांबावं. ऐकणारा माणूस दुसऱ्या रात्री आपणहून येऊन बसतो.

त्यातून पुढचा धागा निघाला तो माझ्या मते या सगळ्या रांगेतला सगळ्यात महत्त्वाचा. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं', १९८६ चं. बेबीताई आमच्या जिल्ह्यातल्या, फलटणच्या. किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या आणि घरात कुणाला न दाखवता लिहायच्या. काउंटरमागं बसून वाचणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल, ते सांगत बसत नाही. मुद्दा वेगळा आहे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात सोवळ्याच्या गोष्टींवर आपण हसतो, त्याही हसवतात. 'जिणं आमुचं'मध्ये तेच सोवळं रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं दिसतं, महारवाड्यातून. तिथं हसू येत नाही. ही दोन पुस्तकं कुणी वेगवेगळ्या वर्षी वाचली असतील तर माझा आग्रह आहे, की पुन्हा एकदा एकामागून एक वाचावीत. सासूबाई पहिल्या दोन रात्री गप्प होत्या. तिसऱ्या रात्री त्यांनी स्वतःच्या माहेरच्या विहिरीची हकीकत सांगितली, ती मी लग्नानंतर इतक्या वर्षांत ऐकली नव्हती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पंडिता रमाबाई. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' छापून आलं. तिथली घरं, शिक्षण, बायकांच्या संस्था, व्यापार, असं एकेक प्रकरण. हे पुस्तक सलग वाचलं नाही तरी चालतं, प्रकरण निवडून वाचा. बायकांच्या स्थितीवरचं प्रकरण आधी. भटजींना वाटेत जे भेटलं ते त्यांनी सांगितलं. रमाबाई बघायचं ठरवूनच गेल्या होत्या. दोन्ही प्रवासांतला हा फरक जवळजवळ ठेवून वाचल्यावरच जाणवतो.

तिसऱ्या प्रश्नासाठी पुन्हा नंदा खरे. 'अंताजीची बखर' ही त्यांची कादंबरी. अठराव्या शतकात बंगालपर्यंत भटकणारा, हेरगिरी करणारा, फारसा शूर नसलेला अंताजी खरे. जुन्या बखरीची भाषा अशी बेमालूम उचललीय की मध्येच आपण हे खरंच कुणीतरी लिहून ठेवलेलं वाचतोय असं वाटतं. गोडसे भटजींची ओळख आधी झालेली असेल तर मजा दुप्पट येते. उलट क्रमानं वाचलं तर तितकी येत नाही, असं माझं मत. क्रम म्हणजे सगळं नव्हे, पण पुष्कळ आहे.

असाच क्रम महाभारतावरच्या पुस्तकांत लागतो. इरावती कर्वे यांचं 'युगान्त', दुर्गाबाईंचं 'व्यासपर्व', आणि भैरप्पांची 'पर्व' ही कन्नड कादंबरी, उमा कुलकर्णींच्या अनुवादातून. छापून 'व्यासपर्व' आधी आलं, १९६२ मध्ये. तरी मी 'युगान्त'पासून सुरू करा म्हणेन. इरावतीबाई वाद घालतात, आणि आपल्याही डोक्यात त्यांच्याशी वाद सुरू होतो. तो वाद घेऊन दुर्गाबाईंकडं जा. 'पर्व' सगळ्यात शेवटी, कारण ती जाड आहे आणि तोवर पात्रांविषयी आपली मतं पक्की झालेली असतात. ती मोडायला भैरप्पा समर्थ आहेत.

मध्ये पातळ पुस्तक

दोन जड पुस्तकांच्या मध्ये एक पातळ ठेवा. 'बनगरवाडी' दोन-तीन बैठकांत होते. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' १९३९ चं, बोटीवर घडणारं, तेही तसंच. मात्र संपल्यावर लगेच दुसरं काही उघडवत नाही, तेव्हा त्यानंतरचा एक दिवस मोकळा धरा. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा १८८२ चा निबंध तर एका दुपारचा. तो मात्र काउंटरवर वाचू नका. राग येतो आणि समोर जे पुरुष गिऱ्हाईक उभं असेल त्याच्यावर निघतो.

जाडजूड पुस्तकं

श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' दोन खंडांचं. रंगनाथ पठाऱ्यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' तर एका घराण्याची सातशे वर्षं सांगतं. अशी पुस्तकं सुरू करताना एक कोरा फुलस्केप घ्या आणि घराण्याचा वंशवृक्ष वाचता वाचता स्वतःच्या हातानं काढत जा. पुस्तकात छापलेला असला तरी. आपण काढलेला लक्षात राहतो. कुठलं पात्र कुणाचा चुलता हे शोधायला मागं जावं लागलं की माणूस पुस्तक मिटून ठेवतो आणि मग ते महिनाभर मिटलेलंच राहतं.

पुस्तकातली बोली अनोळखी असेल तर वेगळी युक्ती. उद्धव शेळके यांची 'धग' वऱ्हाडीत आहे. आम्हा साताऱ्याकडच्यांना पहिली पानं जड जातात. अशा वेळी फक्त संवाद मोठ्यानं वाचायचे. थोड्याच पानांत कान सरावतो, आणि त्यातली नायिका कौतिक बोलायला लागली की मग शब्द अडत नाहीत.

जाड पुस्तक चालू असताना बाकीच्या दोन जागांवर दुसरी कादंबरी नको. कविता किंवा आठवणी ठेवा. दोन मोठ्या कुटुंबांची भांडणं एका डोक्यात मावत नाहीत.

वाचनालय, दिवाळी अंक, भिलार

वाचनालयाचं पुस्तक आणि स्वतःचं पुस्तक दोन्ही रांगेत असतील तर औषधांच्या फळीचा नियम लावा: ज्याची मुदत आधी संपते ते पुढं. स्वतःचं पुस्तक कुठं जात नाही. पण ते कुठं जात नाही म्हणूनच वाचलं जात नाही, तेव्हा वाचनालयाची दोन झाली की तिसरं घरातलंच घ्यायचं, असं मी ठरवून टाकलंय.

गावच्या वाचनालयाचे सभासद नसाल तर आधी व्हा. थोडी अनामत, मामुली वर्गणी, आणि बहुतेक ठिकाणी पुस्तकासोबत मासिकही मिळतं. हवं असलेलं पुस्तक कपाटात दिसलं नाही म्हणून परत फिरू नका. ते बाहेर गेलंय का हे ग्रंथपालांना विचारा, आणि परत आल्यावर बाजूला ठेवायला सांगा. वाचनालयात नसलेलंच पुस्तक असेल तर मागणी नोंदवा. नव्या खरेदीची यादी करताना अशा मागण्या बघितल्या जातात. कुणी मागतच नाही म्हणून पुष्कळ चांगली पुस्तकं खरेदीत येत नाहीत.

दिवाळी अंकांना या रांगेत धरू नका. १९०९ मध्ये 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाचं दिवाळीनंतरचं वाचन वेगळंच चालतं आणि ते तसंच चालू द्यावं. अनेक वाचनालयांची अंकांची वेगळी योजना असते, थोडे पैसे भरून सगळे अंक फिरवून वाचता येतात. अंकातला एखादा लेख किंवा कथा आवडली तर त्या लेखकाचं पुस्तक वहीच्या उजव्या पानावर जातं. नव्या लेखकांची ओळख मला जास्त करून अशीच झाली.

पुस्तक आपल्याला झेपेल का याची शंका असेल तर भिलारला जा. पाचगणीच्या पलीकडचं हे स्ट्रॉबेरीचं गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांतून विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, बसा आणि वाचा. आम्हाला पसरणीचा घाट चढला की झालं. तिथं पुस्तक संपवायच्या भानगडीत पडू नका. चार पुस्तकांची पहिली वीस-वीस पानं वाचा आणि त्यातल्या एकाचं नाव घेऊन घरी या.

वाचताना एखादी व्यक्ती, गाव, लढाई अडली तर मराठी विश्वकोश उघडा, आता तो इंटरनेटवर फुकट आहे. त्याचं काम आमच्या वाईतून चालत आलंय याचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

सोडून देणं

पुस्तक जमत नसेल तर सोडा. पण सोडताना वहीत कारण लिहा: भाषा जड, की विषय नको, की जागा चुकली? पुष्कळदा जागाच चुकलेली असते. काउंटरवर कंटाळवाणं वाटलेलं पुस्तक पहाटे छान वाचलं जातं. विषयच नको असेल तर मात्र पुन्हा त्याच्या वाटेला जायचं नाही, मग ते कितीही थोर असो.

माझ्या वहीचं आजचं पान

डावीकडं: काउंटरवर मर्ढेकर, रात्री रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी', पहाटे 'अंताजीची बखर'. रमाबाई रानडे कुठून आल्या ते ओळखायला अवघड नाही. सासूबाईंनीच विचारलं, की लक्ष्मीबाईंचा नवरा असा, तर त्याच काळातल्या दुसऱ्या कुणा शिकलेल्या नवऱ्याची बायको काय म्हणते? हा प्रश्न मी त्यांच्या नावानं वहीत लिहिला.

उजवीकडं चार नावं आहेत, पाचवी जागा मुद्दाम मोकळी. 'अंताजी'चा पुढचा भाग 'बखर अंतकाळाची' पहिला. दया पवारांचं 'बलुतं' दुसरं, 'जिणं आमुचं'च्या धाग्यानं. तिसरं मुलीनं पाठवलेलं भाषांतर. त्याचं कारण लिहिताना "लेकीनं पाठवलं" असं लिहिलं आणि माझाच नियम वाकवला. चौथं 'तुंबाडचे खोत', पावसाळा सरल्यावर पहाटेच्या जागेला.

त्याचा पहिला खंड वाचनालयात कपाटात आहे, दुसरा कुणीतरी नेलाय. दोन खंडांचं पुस्तक घ्यायचं असेल तर दोन्ही खंड हाती आल्याशिवाय पहिलं पान उघडू नका. मी ग्रंथपालबाईंकडं नाव लावून ठेवलंय.